पाहुण्याची व्याख्या

पाहुणा म्हणजे कोण, हे दीनानाथ परचुऱ्यांनी ठरवायला घेतलं नसतं, तर त्यांची स्कूटर आज रस्त्यावर बदामाच्या झाडाखाली कावळ्यांच्या कृपेत उभी नसती. पण निवृत्त माणसाला कुणी काही ठरवायला दिलं की त्याचं काय होतं, हे ज्याच्या घरी निवृत्त माणूस आहे त्याला वेगळं सांगायला नको.

नोकरीत असताना दीनानाथांनी दुसऱ्यांनी ठरवलेल्या गोष्टींवर शिक्के मारले. निवृत्तीनंतर त्यांना रद्दीच्या दुकानात अकरावीचं तर्कशास्त्राचं जुनं क्रमिक पुस्तक सापडलं. मुखपृष्ठ नव्हतं आणि शेवटचं प्रकरण उंदरांनी आधीच अभ्यासलं होतं. उरलेलं दीनानाथांनी पाठ केलं आणि त्या दिवसापासून कर्वेनगरातल्या ‘स्नेहबंध’ सोसायटीच्या आसपास कुणालाही साधं वाक्य बोलायची सोय राहिली नाही. भाजीवाला म्हणायचा, “मेथी ताजी आहे, सकाळीच आणली.” दीनानाथ म्हणायचे, “सकाळी आणली यावरून ताजी आहे असा निष्कर्ष निघत नाही. शिळी मेथीसुद्धा सकाळी आणता येते.” त्यावर भाजीवाला म्हणायचा, “घ्यायची तर घ्या, काका.” यात युक्तिवाद काही नव्हता, पण मेथी घेतली जायची.

आपल्या शिकलेल्या मध्यमवर्गाची ही जुनी खोड. आयुष्यात हरलेला प्रत्येक वाद मुद्दा वेळेवर सुचला नाही म्हणून हरलो, असं त्याला वाटतं. मुद्दे सुचले होते. आवाज निघाला नव्हता. दीनानाथांना हे कळायला तर्कशास्त्राचं उंदरांनी खाल्लेलं प्रकरण हवं होतं.

तर भानगड अशी झाली.

दीनानाथांचा मुलगा सलिल आणि सून वल्लरी खराडीला राहतात, ऑफिसच्या जवळ. दर रविवारी दोघं गाडी घेऊन कर्वेनगरला यायची. त्यासाठी हेमाताई शुक्रवारी वाल भिजत घालायच्या, शनिवारी फडक्यात बांधून मोड आणायच्या आणि रविवारी सकाळी ते कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायच्या. डाळिंबी उसळ ही काही घाईत करायची गोष्ट नाही. मूल परगावी गेल्यावर आईनं आठवडा कसा काढायचा, याची ती एक पद्धत आहे. खराडी परगाव नाही, असं कुणी म्हणेल. त्यानं कर्वेनगरातून खराडीला एकदा जाऊन यावं.

गाडी लागायची ती इमारतीखाली, पंपाशेजारच्या मोकळ्या जागेत. ती जागा कुणाची नव्हती, म्हणजे सगळ्यांचीच होती, म्हणजे जो आधी येईल त्याची. वरच्या मजल्यावरच्या रंगराव वानखड्यांचा भाचा दिग्विजय बुलढाण्याहून ‘नोकरी लागेपर्यंत’ म्हणून आला, नोकरी लागली तरी राहिला, आणि त्याची मोटारसायकल पंपाशेजारी आडवी उभी राहू लागली. रंगरावांच्या घराला स्वतःची जागा होती, पण तिथे त्यांचा बंद पडलेला कूलर आणि एक लोखंडी कपाट होतं. विदर्भातून आलेला माणूस पुण्यात तीस वर्षं राहील, पण कूलर टाकणार नाही.

एका रविवारी सलिलला गाडी रस्त्यावर लावावी लागली आणि जाणाऱ्या टेंपोनं तिचा आरसा नेला. सलिल चिडला नाही. आजकालची मुलं चिडत नाहीत, तोडगा काढतात. तो म्हणाला, “बाबा, पुढच्या वेळी तुम्हीच या ना तिकडे. आमच्याकडे व्हिजिटर्स पार्किंग प्रॉपर आहे.”

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. हेमाताईंनी उसळ मात्र नेहमीएवढीच केली आणि दीनानाथांनी ती बुधवारपर्यंत खाल्ली. बुधवारी ताटात पुन्हा तीच बघून ते म्हणाले, “मी सेक्रेटरींकडे जातो.”

सेक्रेटरी म्हणजे भाग्यश्री सबनीस. सकाळी ऑफिस, संध्याकाळी क्लास, आणि मधल्या वेळात सोसायटी. दार उघडं धरून, हातातला फोन खाली न ठेवता तिनं सगळं ऐकून घेतलं.

“काका, नियम आहेच की. ‘पाहुण्यांनी आपली वाहने आवाराबाहेर लावावीत.’ फक्त पाहुणा कोण ते नियमात लिहिलेलं नाही. वानखडेकाका म्हणतात दिग्विजय घरचा आहे.”

“घरचा कसा? भाचा आहे तो.”

“मग तुम्हीच व्याख्या लिहून द्या. तुम्ही तर्कशास्त्र वाचता ना? शनिवारी मीटिंगमध्ये ठेवू.”

तिला दार लावून घ्यायचं होतं म्हणून ती हे बोलली. दीनानाथांना वाटलं, अखेर समाजानं आपली दखल घेतली. ते जिन्यानं उतरले नाहीत, तरंगत आले.

खरी चूक तिथेच झाली. व्याख्या करायची म्हणजे आधी वस्तू काय आहे ते बघायचं आणि मग शब्द शोधायचे. दीनानाथांनी उलटं केलं. सलिल आत आणि दिग्विजय बाहेर, हा निष्कर्ष आधीच ठरला होता. आता त्याला शोभेल अशी व्याख्या हवी होती. आपण सगळे असंच करतो. फक्त आपण त्याला तर्कशास्त्र म्हणत नाही, अनुभव म्हणतो.

पहिली व्याख्या त्यांनी हेमाताईंना वाचून दाखवली. “जो पाहुणचार घेण्यासाठी येतो तो पाहुणा.”

“आणि पाहुणचार म्हणजे?” हेमाताईंनी कणीक मळता मळता विचारलं.

“पाहुण्याचा करतात तो.”

“म्हणजे आपण निघालो कुठे आणि पोचलो कुठे?”

दीनानाथांनी कागद फाडला. यालाच चक्रक व्याख्या म्हणतात, असं त्यांनी बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, नाव छान आहे.

दुसरी व्याख्या थेट फलकावर लागली. पुण्यातल्या सोसायटीत फलक हा वाचण्यासाठी नसतो, तपासण्यासाठी असतो. त्याच्या शेजारी पेन्सिल दोऱ्यानं बांधलेली असते, ती चुका काढता याव्यात म्हणून. दीनानाथांनी लिहिलं होतं: ‘जी व्यक्ती या इमारतीत राहत नाही, परंतु इमारतीतील कोणाकडे तरी येते, ती पाहुणा.’ संध्याकाळपर्यंत खाली वेगवेगळ्या अक्षरांत भर पडली. ‘सिलिंडरवाला?’ ‘मीटर बघायला येतो तो?’ ‘आमच्याकडे दोनदा चोर आला होता. पाहुणा समजावा काय?’

पाठोपाठ कांताबाई दारात. सोसायटीतल्या चार घरची भांडी तिच्याकडे होती आणि तिची स्कूटी जिन्याखाली लागायची.

“काका, मी पाहुणी आहे म्हणं.”

“अगं, तसं नाही, ती व्याख्या जरा अतिव्याप्त झाली आहे—”

“असू द्या. पाहुणीला कुणी भांडी घासाया लावतं का, तेवढं काकूंना विचारा. मी बसते इथं.” आणि ती खरोखर बसली. चहा पिऊन उठली. भांडी दीनानाथांनी घासली.

त्या धांदलीत व्याख्येतली मोठी गोम त्यांच्या नजरेतून सुटली होती. ती रंगरावांनी जिन्यात थांबवून दाखवली. रंगराव निवृत्त हेडमास्तर, दुसऱ्याचा पेपर तपासताना त्यांचा चेहरा उजळायचा.

“का हो परचुरे, जो इथे राहत नाही तो पाहुणा, असंच ना? आमचा दिग्विजय रोज रात्री इथे घोरतो. दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येतं. राहतोच तो. तुमचे चिरंजीव खराडीला राहतात. झालं तुमचं गणित.”

दीनानाथांनी फलकावरचा कागद स्वतःच्या हातानं काढला. टाचणी बोटाला लागली.

तिसरी व्याख्या त्यांना आंघोळीत सुचली: ‘ज्याला चहा विचारावा लागतो तो पाहुणा.’ सलिल स्वयंपाकघरात जाऊन स्वतः करून घेतो, म्हणजे तो घरचा. सुबक होती. त्यांनी ती टॉवेल गुंडाळूनच हेमाताईंना ऐकवली.

“रंगरावांकडे चहा कधी विचारतात?” हेमाताई म्हणाल्या.

दीनानाथ आठवू लागले. इतक्या वर्षांत रंगरावांकडे गणपतीला, वर्गणीला, पाण्याच्या टाकीच्या भांडणाला ते कितीदा गेले असतील. चहा कधीच विचारला गेला नव्हता. म्हणजे या व्याख्येनुसार रंगरावांच्या घरी आजवर एकही पाहुणा आलेला नव्हता. तर्कशास्त्रात याला अव्याप्ती म्हणतात. सोसायटीत चिकटपणा म्हणतात.

शनिवार उजाडला. आता दीनानाथांना तर्कशास्त्राचा राग आला होता आणि रागात त्यांनी चौथी व्याख्या लिहिली: ‘जी व्यक्ती फ्लॅटची मालक नाही आणि मालकाचे अपत्यही नाही, ती पाहुणा. कामासाठी येणारे वगळून.’ त्यांनी ती उलटसुलट तपासली. सलिल अपत्य, आत. दिग्विजय भाचा, बाहेर. कांताबाई काम, वगळली. चोर मात्र चोरीच्या कामासाठी येतो, हा मुद्दा राहिला. पण चोर गाडी आत लावत नाही, म्हणून त्यांनी तो सोडून दिला.

मीटिंगला नेहमीप्रमाणे निम्मे लोक आले होते आणि त्यातले निम्मे फोनमध्ये होते. व्याख्या वाचली गेली. रंगराव दोनदा वाचून गप्प राहिले, एवढंच नाही, त्यांनी अनुमोदन दिलं. शहाणा माणूस असता तर तिथेच सावध झाला असता. दीनानाथ घरी आले आणि त्यांनी सलिलला फोन लावला. “ये रे पुढच्या रविवारी. जागा झाली.”

“बघतो बाबा,” सलिल म्हणाला.

‘बघतो’ या शब्दाची व्याख्या करण्याची गरज नव्हती. फोन स्पीकरवर होता आणि हेमाताई आत निघून गेल्या.

सोमवारी सकाळी दीनानाथ खाली आले तर स्कूटर जागेवर नव्हती. वॉचमन बापूराव खुर्चीतून न उठता म्हणाला, “भाईर लावली साहेब. वानखडे सरांनी सांगितलं, नियम हाय.”

“अरे, माझी स्कूटर आहे ती.”

“व्हय. पण तुमी पाहुणे हाय ना आता.”

रंगराव गॅलरीतून बघत होते. त्यांनी वरूनच समजावलं, वर्गात समजावतात तसं. फ्लॅट हेमाताईंच्या नावावर. त्या बँकेत होत्या, कर्मचाऱ्यांना कर्ज स्वस्तात मिळायचं, म्हणून घर त्यांच्या नावानं घेतलेलं. हे सगळ्या इमारतीला माहीत होतं; देखभालीचं बिलसुद्धा त्यांच्याच नावानं यायचं. “तुम्ही मालक नाही. मालकाचं अपत्यही नाही. आणि कामाचं म्हणाल तर, काम तुम्ही काही करत नाही.”

दीनानाथांनी चौथी व्याख्या मनातल्या मनात पुन्हा वाचली. व्याख्येत त्यांनी नवरा-बायको लिहिलंच नव्हतं. का नव्हतं? कारण ‘मालक’ लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर मालक म्हणून स्वतःच होते, आणि बायको त्यात आलीच, ती वेगळी कशाला लिहायची. असं गृहीत धरायला पुस्तक लागत नाही, ते आपल्याकडे जन्मतःच येतं. फक्त या वेळी बायको मालक होती आणि त्यात नवरा आला नव्हता.

दुपारी वाहतूक पोलिसांनी स्कूटर उचलून नेली. बापूरावनं ती लावली तिथे नो पार्किंग होतं. दीनानाथ रिक्षानं चौकीवर गेले. टेबलामागच्या हवालदारांनी विचारलं, “गाडी कुणाच्या नावावर?”

स्कूटरसुद्धा बँकेच्याच कर्जातून घेतलेली होती. “हेमा परचुरे.”

“आपण कोण त्यांचे?”

नवरा, हे उत्तर सोपं होतं. पण आठवडाभर व्याख्यांमध्ये घालवलेल्या माणसाला सोपं उत्तर लगेच येत नाही. ते इतका वेळ गप्प राहिले की हवालदारांनी मान वर करून त्यांच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, “मालकांना घेऊन या.”

हेमाताई आल्या, सही केली, दंड भरला. परत येताना स्कूटर त्यांनीच चालवली. दीनानाथ मागे पाहुण्यासारखे अंग चोरून बसले.

इकडे व्याख्या वरच्या मजल्यावर पोचली होती. रंगरावांचं घर रंगरावांच्या नावावर. म्हणजे त्यांच्या पत्नी गोदाबाई ना मालक, ना अपत्य. नवरा परचुऱ्यांची फजिती रंगवून सांगत असताना त्यांनी शांतपणे ऐकलं, लाटणं खाली ठेवलं आणि सोफ्यावर जाऊन बसल्या.

“मंग मीबी पाहुणी झाली,” त्या म्हणाल्या. “पाहुणीनं कुठी पोळ्या लाटल्या हो?”

“अगं, ते पार्किंगपुरतं आहे.”

“मले गाडी नाही. मले जे हाय त्यापुरतं धरते.”

ही बातमी कांताबाईनं चार घरांत नेली. परचुऱ्यांचं सोडून बाकी तिन्ही घरांत गृहिणीचं कागदावर नाव नव्हतं, हे त्या घरांच्या तेव्हाच लक्षात आलं. तिसऱ्या दिवशी जिन्यात खानावळीच्या डब्यांची ये-जा वाढली. दिग्विजयनं मामांसाठी मॅगी केली. रंगराव ती खाऊन खाली आले आणि त्यांनी स्वतःच विशेष सभेची मागणी केली. मागणीवर सगळ्या पुरुषांच्या सह्या होत्या. अक्षर भुकेलेलं दिसत होतं.

सभा शनिवारी संध्याकाळी गच्चीवर ठरली. आदल्या दिवशी हेमाताईंनी वाल भिजत घातले होते. सलिलचं ‘बघतो’ अजून तिथेच होतं. दीनानाथ सभेला निघाले तेव्हा स्वयंपाकघरात फडक्यात बांधलेले वाल टांगलेले होते, आणि ते त्यांनी बघू नयेत अशी काही सोय त्या घरात नव्हती.

भाग्यश्रीनं सभा उभ्यानंच घेतली. “काका, रागावू नका, पण पाहुणा हा शब्दच आपण नियमातून काढून टाकू. प्रत्येक घराचं एकच वाहन आत. कुठलं, ते मालकानं सांगायचं. बाकी सगळी बाहेर. चालेल?”

रंगरावांकडे वाहन एकच होतं. “आमची मोटारसायकल,” ते म्हणाले. “कूलर मी हलवतो. पंपाजवळ लावणार नाही.” गोदाबाईंनी शेजारून त्यांच्याकडे बघितलं. “आजच हलवतो,” रंगराव म्हणाले.

“परचुरे?” भाग्यश्रीनं विचारलं आणि चूक लक्षात येऊन मान वळवली. “हेमाकाकू?”

गच्चीवर सगळे हेमाताईंकडे बघू लागले. एक स्कूटर, एक गाडी. ही निवड कठीण नव्हती, आणि म्हणूनच ती त्यांच्या तोंडून निघत नव्हती. चौकीवर नवऱ्याचा चेहरा त्यांनी बघितला होता. चारचौघांत पुन्हा तोच बघायचा नव्हता. त्यांनी पदर सारखा केला, ओठ उघडले आणि दीनानाथांना कळलं की ही बाई आता ‘यांची स्कूटर’ म्हणणार, खाली जाणार आणि उद्या सकाळी कुणी येणार नाही म्हणून वाल तसेच ठेवणार.

दीनानाथ उभे राहिले.

“शब्द काढायला माझी हरकत नाही,” ते म्हणाले. “फक्त काढण्याआधी मला एकदा वापरू द्या.”

कुणीतरी हळूच “झालं” म्हणालं.

“जो मालक नाही आणि मालकाचं अपत्य नाही, तो पाहुणा. हे आपण सर्वानुमते मान्य केलेलं आहे. हे पहिलं आधारविधान.” आवाज कापत होता, पण निघत होता. “मी मालक नाही. मी मालकाचं अपत्यही नाही—”

“नशीब,” हेमाताई म्हणाल्या.

“—हे दुसरं. यावरून निष्कर्ष निघतो की मी पाहुणा आहे. पाहुण्याचं वाहन बाहेर. स्कूटर बाहेर लागेल. आत सलिलची गाडी.”

ते खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा एक युक्तिवाद सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुणी न खोडता ऐकला गेला होता, आणि तो त्यांच्याच विरुद्ध होता. रंगरावांनी बराच वेळ डोळे मिटून चूक शोधली. “बरोबर आहे,” ते शेवटी म्हणाले. असं म्हणताना त्यांना त्रास झालेला सगळ्यांनी बघितला.

घरी आल्यावर दीनानाथांनी फोन लावला. या वेळी स्पीकर लावला नाही. “सलिल, आई वाल भिजवून बसली आहे. जागा आहे. ‘बघतो’ म्हणू नकोस.”

मग सलिल म्हणाला, “दहापर्यंत येतो, बाबा.”

रविवारी गाडी फाटकातून आत आली, पंपाशेजारी लागली, आणि दोघं वर आली ती बेल न वाजवता, सलिलच्या जवळच्या किल्लीनं दार उघडून. वल्लरीनं आल्या आल्या सासूशेजारी पाट ओढला. सलिल स्वयंपाकघरात शिरून चहाचं भांडं शोधू लागला.

“बाबा, स्कूटर रस्त्यावर का आहे?”

“मी पाहुणा आहे,” दीनानाथ पेपरमागून म्हणाले.

सलिलनं आईकडे बघितलं. आईनं कपाटाच्या वरच्या फळीवरून, वर्षातून दोनदा निघणारी सोनेरी काठाची कपबशी काढली, तीत चहा ओतला आणि ती नवऱ्यासमोर नेऊन ठेवली. “घ्या. पाहुण्यांना आधी.”

दीनानाथांनी चहा घेतला. चांगला होता. मग ते उठले आणि वालांच्या परातीपाशी येऊन मांडी घालून बसले. एक दाणा उचलला, दाबला, साल बाजूला.

“पाहुण्यांना कुणी सोलायला लावत नाही,” हेमाताई म्हणाल्या.

“मी सोलतोय. म्हणजे मी पाहुणा नाही.”

“मग उद्यापासून भांडीही घासा.”

दीनानाथांनी या युक्तिवादात फट शोधली. पुढच्या मुठीभर वालांपर्यंत शोधली. सापडली नाही, म्हणून ते सोलत राहिले.